चार दारं आणि एक पडदा

माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, अगदी मागच्या टेबलाखाली, एक जुनं खोकं चोवीस तास घरघरत असतं. क्लास चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, राइस मिलच्या भिंतीला लागून. त्यामुळे धानाचा कोंडा कुठूनही आत शिरतो आणि त्या खोक्याच्या पंख्यात जाऊन बसतो. दर रविवारी मी झाकण काढून ब्रशनं झाडतो. बायको म्हणते, एवढी सेवा आईबापाची केली असती तर पुण्य लागलं असतं. मी गप्प बसतो, कारण या खोक्यानं दोन वर्षांत मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा आईबापांनी जन्मात दिला नव्हता.

हे खोकं म्हणजे आमचा स्वतःचा सोशल मीडियाचा सर्व्हर. तो मी का टाकला हे आधी सांगतो, म्हणजे पुढची माझी चिडचिड तरी समजून घेता येईल.

माझी मोठी बहीण मूलपासून तासाभरावरच्या, जंगलाला चिकटलेल्या एका गावात दिलेली आहे. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. उन्हाळा लागला की बाई मोह वेचायला जाते. तिचं झाड नाल्यापलीकडे आहे. सासूच्या सासूपासून ते त्यांचंच, आणि गावात कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली टोपली टाकत नाही. फुलं रात्रभर गळतात आणि उजाडताच वेचावी लागतात, नाहीतर हरणं आणि अस्वलं साफ करतात. म्हणजे वाघाची घरी परतायची वेळ आणि बाईची घरून निघायची वेळ एकच. त्यात मोह वाकून वेचायचा असतो. वाकलेला माणूस मागून पाहिला तर वाघाला तो माणूस वाटतच नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी शेजारच्या गावातली एक म्हातारी अशीच मोहाखाली गेली. तेव्हापासून मार्च लागला की मी बाईला फोन लावतो.

‘बाई, नको जाऊ,’ असं मी दरवर्षी म्हणतो.

‘मंग मोह काय घरी चालत येते का गा?’ असं ती दरवर्षी म्हणते.

जाणं थांबत नसेल तर निदान खबर तरी मिळावी. वाघ काल संध्याकाळी कुठे होता हे गावात कोणाला ना कोणाला माहीत असतंच. पण गावाचा हिरव्या ॲपवरचा ग्रुप म्हणजे उकिरडा. सकाळी पन्नास फुलं, पन्नास सुविचार, आणि मध्येच भलत्याच राज्यातल्या वाघाचा जुना व्हिडिओ ‘आपल्या गावात’ म्हणून. खरी खबर त्यात कांद्याच्या पोत्यातल्या लसणीसारखी हरवायची.

माझी मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. ती म्हणाली, ‘बाबा, आपला स्वतःचा सर्व्हर टाका. फेडरेटेड.’ म्हणजे काय ते तिनं तासभर समजावलं. मी ते बाईला एका वाक्यात सांगितलं: मूलच्या स्टँडवरून सुटलेली बस चंद्रपूरच्या स्टँडातही शिरते, भद्रावतीच्याही शिरते, पण स्टँड ज्याचं त्याचं. आपल्या स्टँडात कोण थांबेल ते आपण ठरवायचं. बाई म्हणाली, ‘बस वेळेवर येईन का?’ हा प्रश्न तिनं पहिल्याच दिवशी विचारला होता, हे मला आता आठवतं आणि स्वतःचाच राग येतो.

सर्व्हर टाकला. गावातल्या तीसेक लोकांची खाती काढली. आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला.

सर्व्हर एक असतो, पण त्याच्याकडे बघायचं पान वेगवेगळं असू शकतं. आतला माल तोच, नुसतं दार वेगळं. मूळ सर्व्हरसोबत जे दार आलं होतं ते वाड्याच्या मुख्य दरवाजासारखं जड. माझ्या क्लासमध्ये ते झटकन उघडायचं. बाईच्या गावात फोनवर टॉवरच्या रेंजचा एक दांडा येतो, तोही बुद्धविहाराच्या ओट्यावर उभं राहिलं तर. तिथे ते दार उघडायला जायचं आणि मध्येच अडकायचं.

‘चकरी फिरून राह्यली अजून,’ बाई फोनवर सांगायची. ‘माहा भात शिजून गेला, पन तुही चकरी काई थांबून नाई राह्यली.’

मुलीला सांगितलं. तिनं दुसरं दार सुचवलं. सुंदर, गोल कोपरे, बोट लावलं की पान पाण्यावरून सरकावं तसं सरकायचं. तिच्या पुण्याच्या मित्रमंडळींत तेच चालतं म्हणे. बाईचा फोन ते बघून जो गोठला तो बॅटरी काढूनच शुद्धीवर आला. मग मीच शोधून तिसरं दार लावलं, नुसत्या अक्षरांचं. ना रंग ना हालचाल, रेशनकार्डासारखं रूप. पण एका दांड्यावरही उघडायचं. ते पूर्ण इंग्रजीत होतं. आठवडाभर बसून मी त्याची एकेक ओळ मराठीत केली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग लक्षात आलं की या दारातलं घड्याळ परदेशी वेळेवर चालतं. सकाळी सहाला दिलेली वाघाची खबर रात्री साडेबाराची दिसायची. बाया म्हणायच्या, ‘साडेबाराले होता, आता गेला असन.’ ते साडेपाच तास जागेवर आणायला मला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी क्लासच्या पोरांवर विनाकारण ओरडलो.

चौथं दार गावच्या गुराख्यासाठी. हा आमचा सर्वांत चांगला बातमीदार. सकाळी गावची गुरं घेऊन जंगलात जातो आणि संध्याकाळी येताना पायाचे ठसे, ओरखडे, झाडावरची नखं, सगळ्याचे फोटो घेऊन येतो. त्याच्या लेकानं मोठा फोन घेऊन दिला होता. त्याला अक्षरांचं दार नको होतं. ‘माहे फोटो दिसत नाई त्याच्यात,’ म्हणाला. म्हणून त्याला फोटो मोठे दिसणारं दार लावून दिलं.

एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येक दाराची तऱ्हा वेगळी. एकात नवी पोस्ट वर, दुसऱ्यात खाली. एखादं दार सुधारून घ्यायला जावं तर दुसऱ्या दारातले सगळे लॉगआऊट व्हायचे, आणि मग तीस जणांचे पासवर्ड. तीसपैकी एकालाही आठवायचा नाही. एकीनं पासवर्ड विसरू नये म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता, तो दिवाळीच्या सारवणात गेला.

आणि चांदणी. पोस्टखाली एक चांदणी असते, आवडलं तर दाबायची. आमच्या गावात मी नियम घालून दिला होता की चांदणी म्हणजे ‘वाचलं’. खबर वाचली की प्रत्येकानं दाबायची, म्हणजे मला मूलमध्ये बसून कळेल की निरोप पोचला. अक्षरांच्या दारात ती चांदणीच दिसायची. पण गुराख्याच्या दारात तिच्या जागी लाल बदाम यायचा. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्या घरची कालवड वाघानं नेली. त्यानं फोटो टाकला आणि त्याखाली पटापट बदाम जमायला लागले. रात्री त्यानं मला फोन केला तो भांडायलाच.

‘माही कालवड मेली जी, अन् हे लोक बदाम देऊन राह्यले? माणसं आहे का कोन आहे?’

त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. ते बदाम नाहीत, चांदण्या आहेत, तुझ्याकडेच तसं दिसतं. तो म्हणाला, ‘मंग तुमी माह्याकडे असं काऊन दाखवून राह्यले?’

आता पुण्याकडे येतो. आपल्या सर्व्हरची बस दुसऱ्याच्या स्टँडात शिरते असं मी म्हटलं ना, तशी आमची बस पुण्यातल्या एका निसर्गप्रेमी मंडळींच्या सर्व्हरवर शिरायला लागली. मुलीच्या ओळखीतून. तिकडची माणसं आमच्या गुराख्याचे फोटो बघू लागली. ‘अप्रतिम’, ‘किती जिवंत’, असं लिहू लागली. मला त्याचा माज चढला, खोटं कशाला बोलू. त्यातला ठशाचा एक फोटो मी छापून क्लासच्या भिंतीवर लावला. येणाऱ्या पालकांना सांगायचो, हा पुण्यात सगळ्यांनी पाहिला आहे.

मग त्यांच्या सर्व्हरच्या चालकाचं पत्र आलं. इतकं सभ्य की राग यायलासुद्धा वेळ लागला. आपल्या सदस्यांच्या काही छायाचित्रांत मृत जनावरं आणि रक्त असतं, त्यामुळे आमच्या काही सदस्यांना मानसिक त्रास होतो, तरी अशा छायाचित्रांवर पडदा टाकण्याची व्यवस्था करावी, अन्यथा नाइलाजानं संबंध थांबवावा लागेल. मुलगीही म्हणाली, ‘बाबा, हा सगळीकडचा शिष्टाचार आहे. ज्याला बघायचं तो पडदा सारून बघेल.’

मी त्या दिवशी चिडून बायकोला म्हणालो की यांना वाघ पाहिजे पण वाघाचं जेवण नको. मग गुपचूप बसून नियम लिहिला. म्हणजे बोलायला वाघ आणि वागायला शेळी. फोटोसोबत ‘मारलं’, ‘मारली’, ‘खाल्लं’, ‘रक्त’ असा शब्द आला की सर्व्हर स्वतःच फोटोवर पडदा टाकेल. मुलीच्या सुंदर दारातून तपासलं. फोटो धुरकट झाला, खालचा मजकूर तसाच राहिला. उत्तम. पुण्याला कळवलं. त्यांनी आभार मानले. मी झोपलो.

बाकीच्या तीन दारांतून मी ते तपासलं नाही. माझं स्वतःचं चालकाचं दार या चारांहून वेगळं, ते तर मी केव्हाच असं लावून ठेवलं होतं की मला कुठलाच पडदा दिसत नाही, सगळं उघडंच दिसतं. रोज शंभर गोष्टी बघायच्या असतात, प्रत्येक पडदा कोण सारत बसणार?

ही गोष्ट फेब्रुवारीची. मार्चमध्ये मोह गळायला लागला.

बाईच्या गावात वाचायची एक पद्धत पडली होती, आणि तिचा मला अभिमान होता. संध्याकाळी भांडीकुंडी आवरायच्या आधी पाच-सहा बाया विहाराच्या ओट्यावर जमायच्या. टॉवरचा दांडा तिथेच. प्रत्येकीकडे फोन नव्हता आणि असला तरी वाचायचा कंटाळा. सातवी शिकलेली बाई मध्ये बसायची आणि सर्व्हरवरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवायची. सोबत तिच्या जावेची माहेरकडची म्हातारी मावशीही असायची, तिला ऐकू कमी येतं, म्हणून बाई आणखी मोठ्यानं वाचायची. वाचून झालं की बाई सगळ्यांच्या वतीनं चांदणी दाबायची. मग उद्या कोणी कोणत्या बाजूनं जायचं हे ठरायचं.

त्या संध्याकाळी गुराख्यानं पोस्ट टाकली. मी क्लास बंद करता करता माझ्या दारातून पाहिली. नाल्याच्या काठावर पडलेली पांढरी गाय, मागचा भाग खाल्लेला. खाली त्यानं लिहिलं होतं: ‘नाल्यापलीकडे मोहाच्या बाजूले गाय मारली. जनावर तिथीच बसून आहे. उद्या तिकडे कोनी जाऊ नका.’ जनावर म्हणजे वाघ, आणि नाल्यापलीकडे म्हणजे बाईचंच झाड. मी घरी जाऊन हातपाय धुतले, जेवलो, आणि पुन्हा पाहिलं. पोस्टखाली सात चांदण्या होत्या. सात जणांनी वाचलं. मला बरं वाटलं, आणि बाईला फोनसुद्धा केला नाही. एवढं दोन वर्षं रक्त आटवून जे उभं केलं ते चाललं म्हणायचं, असं मनात आलं.

सकाळी आठला भाऊजींचा फोन आला. ‘बाईले घेऊन येऊन राह्यलो दवाखान्यात. हात मोडला वाटते.’

सरकारी दवाखान्याच्या बाकावर बाई बसली होती. लुगड्यावर नाल्याचा चिखल, उजवा हात ओढणीत बांधलेला, मनगट सुजून वांग्याएवढं झालेलं. ती नेहमीसारखी उजाडता उजाडता गेली होती. नाला ओलांडून झाडाजवळ पोचली तर वास आला. गाय दिसली. आणि गाईच्या मागच्या करवंदीच्या जाळीतून त्यानं मान वर केली. वीस पावलं असतील. बाईनं पाठ फिरवली नाही, टोपली छातीशी धरून एकेक पाऊल मागे सरकत गेली. तो नुसता बघत राहिला. नाल्याच्या काठावरून पाय सटकला आणि ती हातावर पडली. मग मात्र धावली. टोपली तिथेच राहिली.

एवढं ऐकून मला जे वाटलं ती भीती होती, पण बाहेर आली ती शिव्यांसारखी. दवाखान्यात, बाकीचे पेशंट बघत असताना, मी माझ्या मोठ्या बहिणीवर ओरडलो.

‘वाचलं नाही का काल? काय उपयोग मग मी रात्रंदिवस त्या खोक्यापुढे मरतो त्याचा? स्पष्ट लिहिलं होतं जाऊ नका म्हणून! सात चांदण्या होत्या खाली! तुझी पण असेल त्यात!’

बाईनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, गप्प राहा अशी. मला आणखीच राग आला. एक्स-रे झाला, हाड मोडलं होतं, प्लास्टर घालायचं ठरलं. भाऊजी औषधं आणायला बाहेर गेले. ते दिसेनासे झाल्यावर बाईनं मला जवळ बोलावलं आणि इकडेतिकडे बघून आवाज बारीक केला.

‘तुह्यावर रागावून नाई राह्यली मी,’ ती म्हणाली. ‘पन तुले सांगाचंच होतं. तुह्या त्याच्यावर काल गंदं आलं होतं.’

‘काय गंदं?’

‘तेच ते. गंदं. झाकून होतं. वरती लिहून होतं, हे सर्वांनी पाहण्यासारखं नाई. खाली बटन होतं, तरीही पाहा म्हणून. ओट्यावर पाच बाया बसून होत्या, म्हातारी बसून होती. तुहं नाव घेऊन वाचतो आमी सगळे, भाऊचं आहे म्हणून. मी तं घामानं भिजली. पटकन अंगठ्यानं वर सरकवून देलं. कोनाले दिसू नाई देलं. तुही इज्जत गेली असती ना गा.’

मी तिचाच फोन घेतला, तिचं अक्षरांचं दार उघडलं, आणि बोटानं खाली खाली गेलो. मिळालं. या दारात पडदा नुसत्या फोटोवर पडत नव्हता, अख्खी पोस्ट गिळत होता. गाय, नाला, मोह, उद्या कोणी जाऊ नका, सगळं आत. बाहेर फक्त एक राखाडी पट्टी आणि त्यावर ते वाक्य: हा मजकूर सर्वांनी पाहण्यासारखा नाही. ते वाक्य मीच मराठीत केलं होतं. त्या आठवड्यात पाठ थोपटून घेतली होती ती याच वाक्यासाठी.

पट्टीवरच्या चांदण्या मोजल्या. अजूनही सात. कोणी दिल्या ते बघायची सोय याही दारात होती, मी ती कधी वापरली नव्हती. सातही पुण्याच्या. ज्यांना त्रास होऊ नये म्हणून मी पडदा टाकला होता त्यांनी तो सारून पाहिलं होतं, आवडलंही होतं. ज्यांनी वाचायला हवं होतं त्यांनी माझी लाज राखायला ते सरकवून दिलं होतं.

बाईला सगळं सांगितलं. पडदा कोणासाठी, कोणी टाकला, त्याच्यामागे काय होतं. ती ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

‘म्हंजे त्याच्यात लिहून होतं का, जाऊ नका म्हणून?’

‘हो.’

‘अन् मी सरकवलं.’

‘बाई, पडदा मी टाकला.’

‘तू टाकला, पन सरकवला तं मीनंच. काल माह्यासोबत दोघी येतो म्हणत होत्या. एकीचं लेकरू आजारी पडलं म्हणून नाई आल्या. त्या आल्या असत्या तं?’ तिनं डाव्या हातानं तोंडावरून पदर फिरवला. ‘त्याईले काय सांगू आता मी?’

मला वाटलं होतं ती मला बोलेल. ती मला एक शब्दही बोलली नाही. सगळं स्वतःच्याच अंगावर घेतलं, आणि मला ते तिच्या हातापेक्षा जास्त लागलं. मी तिच्यासमोर रडलो, दवाखान्यातच. तर तीच मला म्हणाली, ‘चूप बस, लोक पाहून राह्यले.’

त्याच दुपारी क्लासला सुट्टी देऊन मी खोक्यापुढे बसलो. आधी तो नियम काढला. मग दारं काढली. मुलीचं सुंदर दार, मूळचं जड दार, गुराख्याचं बदामवालं दार. शेवटी माझं स्वतःचं चालकाचं दार, जिथून मला सगळं उघडं दिसायचं. फक्त अक्षरांचं दार ठेवलं आणि त्यात फोटो दिसतील अशी सोय जमेल तशी केली. त्यातून पडद्याची सोयच उखडून टाकली. चांदणीच्या जागी ‘वाचलं’ असा शब्द टाकला आणि तो गावाबाहेरच्या माणसाला दाबताच येऊ नये असं केलं. आणि घरातला एक जुना फोन काढला, बाईच्या फोनसारखाच टुकार. आता मी त्यावरूनच बघतो. तिला जे दिसतं तेच मला दिसतं, तेवढ्याच वेळानं.

मुलगी भडकली. ‘बाबा, नुसता नियम काढला असता तरी भागलं असतं. चार फ्रंट एंड काय चुकीचे होते?’ मी म्हणालो, तुझं बरोबर आहे, काही चुकीचे नव्हते. फक्त मी चार दारांतून चार वेगळी घरं दाखवत होतो आणि मला वाटत होतं सगळे एकाच घरात बसलेत. त्यावर तिनं विचारलं, आत्याचा हात कसा आहे.

गुराखीही रुसला, त्याचे फोटो आता पोस्टकार्डाएवढे दिसतात. पुण्याहून आणखी एक सभ्य पत्र आलं आणि त्यांनी संबंध थांबवला. भिंतीवरचा ठशाचा फोटो मी काढला नाही, पण कोणी विचारलं तर पुण्याचं नाव घेत नाही. पासवर्ड लोक अजूनही विसरतात. कोंडा अजूनही पंख्यात जातो.

मोहाचा हंगाम बाईचा गेला. प्लास्टर असताना उजव्या हातानं वेचता येत नव्हतं, झाडाखाली जाववतही नव्हतं. त्या दोघी शेजारणींनी आपलं वेचून झाल्यावर तिच्या झाडाखालचंही वेचलं आणि तिच्या अंगणात आणून वाळत घातलं. बाईनं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्या काय म्हणाल्या ते तिनं मला सांगितलं नाही.

एप्रिलच्या शेवटी मी बसनं गावाला गेलो. संध्याकाळी ओट्यावर बाया जमल्या होत्या, म्हातारीही होती. मला पाहून एक-दोघींनी जयभीम घातला आणि सरकून जागा दिली. बाईनं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हातात फोन धरला. पान हळूहळू उघडलं. पहिलीच पोस्ट गुराख्याची होती, तळ्याच्या पाळीवर मारलेलं वासरू. पडदा नाही, काही नाही. पोट फाटलेलं, रक्त, माश्या, सगळं एकदम समोर.

बाईचा अंगठा आपोआप वर गेला आणि फोटोवर बसला. सगळा फोटो त्या एका अंगठ्याखाली झाकला गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘वाच बाई,’ मी म्हणालो.

तिनं अंगठा बाजूला केला. फोन फिरवून आधी म्हातारीला दाखवला, मग बाकीच्यांना, एकेकीला, नीट दिसेपर्यंत. मग मोठ्यानं वाचलं, ‘उद्या तळ्याच्या बाजूनं कोनी जाऊ नका.’ आणि कोणी न सांगता पुन्हा एकदा वाचलं.